दुसऱ्या मजल्यावरचं ऊन

मी मॉडेलचे फोटो काढते असं सांगितलं की पुण्यात दोन गोष्टी होतात. पुरुष विषय बदलतात आणि बायका भाचीसाठी विचारतात. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी तर भाचीला पैठणी नेसवून थेट माझ्या स्टुडिओत पाठवलं होतं. टेबलावरची थर्माकोलची झाडं आणि बोटाएवढ्या मोटारी बघून ती बिचारी म्हणाली, "मी चुकीच्या ठिकाणी आले का?" मी म्हटलं, "तू बरोबर आलीस. तुझ्या मावशीने चुकीचं ऐकलंय."

माझी मॉडेल्स म्हणजे इमारतींच्या प्रतिकृती. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत मांडलेली असते ती गृहरचना, हिरव्या भुशाच्या बागा आणि निळ्या ॲक्रिलिकचा पोहण्याचा तलाव, तीच. माहितीपत्रकात आणि रस्त्यावरच्या फलकावर ती खऱ्यासारखी दिसावी, एवढं माझं काम. जवळजवळ तीस वर्षं मी ते केलं.

माझा स्टुडिओ मार्केट यार्डात, मसाल्याच्या एका गोदामाच्या वर होता. फोटोग्राफरने तिथे का जावं, असं सगळे विचारत. पण सहा फुटी मॉडेल घेऊन टेम्पो दारापर्यंत यायला हवा, जिना रुंद हवा आणि उचलणाऱ्याला वजनाची समज हवी. पाठीवर पोती वाहणारे हमाल माझं मॉडेल मात्र तान्ह्या बाळासारखं वर आणत. त्रास एकच. खाली मिरचीची पोती हलली की वरच्या गच्च्यांवर तांबूस थर बसायचा, आणि मी शिंका देत देत मेकअपच्या ब्रशने मजल्यामागून मजले झाडत बसायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लहानशी इमारत आहे, समोर दिवा लावायचा आणि बटण दाबायचं. अडचण त्या दिव्याचीच असते. खरा सूर्य इतका लांब आहे की इमारतीचा चौदावा मजला काय आणि पहिला काय, त्याला दोन्ही सारखेच. माझा दिवा चार फुटांवर. मॉडेलची गच्ची त्याला जवळ पडते, तळमजला लांब. त्यामुळे गच्ची पांढरीफटक आणि खाली अंधार. आपला डोळा हे सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे ग्रॅज्युएटेड फिल्टर, आमच्या भाषेत नुसता 'ग्रॅड'. तळहाताएवढी चौकोनी काच, वरच्या बाजूला गॉगलसारखी काळसर आणि खाली येता येता निवळत गेलेली. काळी बाजू गच्चीवर येईल अशी ती लेन्ससमोर सरकवायची. वरचा जादा उजेड काच अडवते, मग शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की खालचे मजलेही उजळतात आणि सगळ्या इमारतीवर खरं ऊन पडल्यासारखं दिसतं. काही ग्रॅड हळूहळू निवळतात, त्यांना आम्ही मऊ म्हणतो. काहींचा काळा भाग एका रेषेवर संपतो, ते कडक. आता हे सगळं फोटो काढून झाल्यावर कॉम्प्युटरवर करतात. करोत. पण फोटोत जी गच्ची जादा उजेडाने जळून गेली ती कॉम्प्युटर परत आणत नाही, तिथे करडा रंग भरतो.

मला या काचांचा अभिमान होता. मी स्वतःला सांगत असे, आपण खोटं काही करत नाही, दिव्याचा दोष तेवढा काढून टाकतो. हडपसरजवळच्या मांजरीचं काम येईपर्यंत हे वाक्य मला पुरलं.

मांजरीला उसाच्या शेतांना लागून एका बिल्डरच्या दोन चौदा मजली इमारती होणार होत्या. त्यांचं मार्केटिंग रोहित नावाचा तिशीतला माणूस बघायचा. नम्र, वेळेवर येणारा, कधी आवाज न चढवणारा. मॉडेल खडकीच्या शेलारांनी केलं होतं. शेलार संरक्षण खात्याच्या नोकरीत लाकडी साचे करत. निवृत्तीनंतर घरामागे पत्र्याची शेड टाकून मॉडेलं करायला लागले. त्यांच्या खिडकीचा गज मोजला तर तो कागदावर असेल तेवढाच भरायचा.

रोहितला सकाळच्या उन्हाचा फोटो हवा होता. पूर्व कुठली ते त्यानेच दाखवलं. दहाच्या सुमाराला सूर्य असतो तितक्या उंचीवर मी दिवा लावला आणि कॅमेरा दोन इमारतींमधल्या बागेच्या बाजूला, तिरका ठेवला. मागच्या इमारतीच्या वरच्या बाल्कन्या छान उजळल्या. चौथ्या मजल्यापासून खाली मात्र अंधार.

रोहित म्हणाला, "मॅडम, लोअर फ्लोअर्स डार्क येतायत. सीनियर सिटिझन्स तेच घेतात. तिथे सनलाइट पाहिजे."

मी मऊ ग्रॅड लावला. अंधार जरा हटला, गेला नाही. कारण त्या अंधाराला कड होती. पाचव्या मजल्याच्या कठड्याखाली, पट्टीने आखल्यासारखी सरळ. दिवा लांब पडल्यामुळे येणारा अंधार हळूहळू वाढतो, त्याला कड नसते. कड असते सावलीला. ती समोरच्या इमारतीची सावली होती, आणि खरी इमारत उभी राहिल्यावर ती तिथेच पडणार होती. हे मला नंतर उमगलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला ते तिथेच, कॅमेऱ्यात बघतानाच कळलं.

तरी मी मऊ ग्रॅड काढून कडक लावला आणि काचेची कड नेमकी सावलीच्या कडेवर बसवली. केसभर इकडेतिकडे झालं तर चोरी दिसते. खालून पांढऱ्या थर्माकोलने उजेड परतवला. तीन तास खपले. शेवटी स्क्रीनवर दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत सकाळ झाली. रोहित म्हणाला, हे काम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. मी इतकी खूश झाले की माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर 'छायाचित्रे' म्हणून माझं नाव छापायलाच लावलं.

त्या नावावरूनच वैशाली गावंडे मला शोधत आली.

सोमवार होता. पस्तिशीची बाई, पाठीला ऑफिसची सॅक, हातात ते माहितीपत्रक. मूळची यवतमाळची, हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मांजरीत वडिलांबरोबर भाड्याने राहत होती. जिना चढून आल्यामुळे की मिरचीमुळे कोण जाणे, तिचे डोळे पाणावले होते. तिने तो फोटो माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हा उजेड खरा आहे का?"

मी विचारलं, म्हणजे काय. तेव्हा तिने सांगितलं. वडील पोस्टमन होते. डोळ्यांचा पडदा खराब झाला होता, ऑपरेशनने सुधारण्यातला नव्हता. ट्यूबलाइटमध्ये त्यांना सगळे नुसते आकार दिसत. भर उजेडात बसले तर मात्र थोडं दिसायचं, डाळ निवडता यायची, पेपरातला मथळा वाचता यायचा. "उन्हात बसले की बाबांना माझा चेहरा दिसते," ती म्हणाली. त्यांना लिफ्टची भीती वाटायची म्हणून दुसरा मजला, आणि ऊन हवं म्हणून पूर्वेची बाल्कनी. करारावर सह्या गुरुवारी होत्या. जागेवर जाऊन आली तर तिथे खड्डा आणि पत्रे, काही कळायला मार्ग नाही.

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मी फक्त फोटो काढते. उन्हाचं तुम्ही आर्किटेक्टना विचारा."

"विचारलं जी. भरपूर आहे म्हणाले. ऑफिसातले म्हणाले भरपूर आहे, एजंट म्हणाला भरपूर आहे." ती माहितीपत्रक सॅकमध्ये ठेवत होती. "तुम्ही तेवढंही नाही म्हणाल्या."

जाताना तिने एका चिठ्ठीवर नंबर लिहून ठेवला.

ती गेल्यावर मी दुसऱ्या कामाला लागले, पण हात चालेना. कॉम्प्युटरवर मांजरीचे मूळ फोटो उघडले. ग्रॅड लावण्याआधीचा एक चाचणीचा फोटो राहिला होता. त्यात ती कड होतीच. बंद केला. तासाभराने परत उघडला, जणू मध्यंतरी ती पुसली गेली असेल.

भीती एक असती तर निभावलं असतं. पहिली भीती रोहितची. त्याच्या बिल्डरकडून माझं निम्मं काम यायचं, आणि पुण्यातले बिल्डर एकमेकांशी भांडत असले तरी एकमेकांचं ऐकतात. दुसरी भीती उलटी. मी काही आर्किटेक्ट नाही. माझा दिवा मी अंदाजाने लावला होता. माझ्या सांगण्यावरून तिने चांगलं घर सोडलं आणि तिथे ऊन येत असलं तर? तिसरी भीती सगळ्यात वाईट होती, ती म्हणजे गप्प बसले तर कोणालाच काही कळणार नव्हतं. सोलापूर रस्त्यावर तो फोटो फलकावर लागला होता, खोलीएवढा. त्या दिवशी मला हडपसरला जायचं होतं. मी आतल्या रस्त्याने गेले. फोन वाजला की रोहितच असेल असं वाटायचं.

मंगळवारी सकाळी स्कूटर काढली आणि खडकी गाठली. शेलार शेडमध्ये बारीक करवतीने जिन्याच्या पायऱ्या कापत होते. मांजरीचं कच्चं मॉडेल ठेवलंय का, असं विचारलं. खरं मॉडेल करण्याआधी ते पुठ्ठ्याचे ठोकळे करून बघत आणि ते कधी टाकत नसत. त्यांनी करवत खाली ठेवली.

"ऊन बघायचंय?"

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

"पुठ्ठ्यात दुसरं काय बघणार माणूस?"

त्यांच्याकडे एक फळी होती. तिला त्यांनी स्वतः भोकं पाडून शेजारी महिने आणि तास लिहिले होते. मॉडेल उत्तर साधून ठेवायचं आणि दिव्याची दांडी त्या त्या भोकात बसवायची, की त्या महिन्याचं त्या तासाचं ऊन पडतं. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे येत होते, ती फळी भिंतीला टेकलेली बघत होते, आणि मला ती शेल्फची फळी वाटायची.

"मी प्रत्येकाला विचारतो, ऊन लावून दाखवू का," शेलार म्हणाले. "हो कोणी म्हणत नाही. तुम्हालाही एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, घाई आहे."

मला आठवत नव्हतं, पण ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. तिथूनच मी वैशालीला फोन लावला. उद्या वडिलांना घेऊन खडकीला या, एवढंच म्हटलं. का ते तिने विचारलं नाही.

बुधवारी ती अर्धी रजा टाकून बाबांना रिक्षाने घेऊन आली. सडपातळ, ताठ म्हातारा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. शेडच्या दारातच थांबून त्यांनी वास घेतला आणि, इथे लाकूड कापतात का, असं विचारलं. शेलारांनी त्यांना खुर्ची दिली आणि पुठ्ठ्याच्या दोन इमारती टेबलावर मांडल्या. मी दिवा लावणार इतक्यात माझा फोन वाजला. रोहित. मी तो वाजू दिला. पुन्हा वाजला. त्याला सगळं कळलंय, इथलं त्याला कोणीतरी सांगितलंय, असं माझ्या मनाने पक्कं करून टाकलं. शेलार म्हणाले, "घ्या किंवा बंद करा. मध्ये ठेवू नका." मी बंद केला. नंतर कळलं, त्याला कुठल्याशा समारंभाचं आमंत्रण द्यायचं होतं.

शेलारांनी दांडी डिसेंबरच्या भोकात बसवली. सकाळचे नऊ. समोरच्या इमारतीची सावली आठव्या मजल्याच्याही वर चढली. दहा. सावली हळूहळू उतरली आणि सातव्यावर थांबली. अकरा, तरीही दुसरा मजला काळाच. मग मार्च. मग मे महिना. मे महिन्यात साडेदहाच्या पुढे एक पट्टा दुसऱ्या मजल्यावर आला आणि दांडी एक भोक पुढे सरकवली तर वरच्या बाल्कनीच्या स्लॅबआड गेला. कुठे फिल्टर नव्हता, काही नव्हतं. पुठ्ठा आणि दिवा. वैशाली तोंडावर हात ठेवून बघत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, याचं मला बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

बाबांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते म्हणाले, "मला हात लावू द्या."

शेलारांनी दांडी परत डिसेंबरच्या दहाच्या भोकात बसवली आणि त्यांचं बोट धरून आधी दहाव्या मजल्यावर ठेवलं. दिवा हॅलोजनचा होता, चांगला तापायचा.

"इथं आहे," बाबा म्हणाले.

मग बोट खाली आणलं. नववा, आठवा, सातवा. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी ते बराच वेळ ठेवलं. उन्हाची वाट बघत असल्यासारखं ठेवलं.

"इथं नाही," ते म्हणाले.

मी तेव्हा सांगितलं. त्या फोटोत सावली होती, ती मी काच लावून पुसली, मला ती दिसली होती. शेलारांनी मान वर केली नाही. वैशालीने ऐकून घेतलं. माफ केलं असंही म्हणाली नाही आणि रागावलीही नाही. बाबांनी मात्र विचारलं, "तुम्ही पोरीला बोलावून घेतलं न आज?" मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणाले, आणि शेलारांकडे वळून त्यांनी विचारलं, "मागच्या अंगाला काय आहे?"

मागच्या अंगाला ऊस होता. पश्चिमेला इमारत नव्हती, शेतं होती. शेलारांनी दिवा पलीकडे नेला. त्याच मजल्यावर, जिन्यापलीकडच्या घराच्या बाल्कनीवर बाबांनी बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा बदलला. दुपारी दोनपासून दिवा मावळेपर्यंत ते बोट गरम राहिलं.

वैशाली म्हणाली, "पण बाबा, पश्चिमेचं ऊन आहे. लय तापते."

"यवतमाळात जिंदगी काढली," बाबा म्हणाले. "पुण्याचं ऊन काय तापते?"

शेलार हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं. मला मात्र चैन नव्हतं. उद्या त्या उसातही इमारत आली तर काय, मी विचारलं. शेलारांनी दिवा बंद केला. "त्याचं मॉडेल अजून माझ्याकडे आलेलं नाही," ते म्हणाले.

गुरुवारी मी कामच घेतलं नाही. फोन मांडीवर ठेवून बसले. चार वाजता वैशालीचा फोन आला. घर बदलून मिळालं, दुसराच मजला, पश्चिमेची बाजू. बदल का हवा, कोणी काही सांगितलं का, असं बिल्डरच्या ऑफिसातल्यांनी विचारलं होतं. "माझ्या वडिलांना संध्याकाळचं ऊन आवडते," असं तिने सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी खुर्चीत मागे टेकले. त्या क्षणी मला तिच्या बाबांना ऊन मिळालं याचा आनंद झाला की माझं नाव आलं नाही याचा, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

पुढच्या आठवड्यात मी रोहितला फोन केला. तो फोटो काढून टाका, मी नव्याने काढून देते, पैसे नकोत, असं सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, खाली लिहिलंय ना, चित्र केवळ कल्पनेसाठी. उन्हासाठी घर कोणी घेत नाही. लोकेशन बघतात, लोन बघतात." मी म्हटलं, घेतात. तो म्हणाला, "एखादं." फोटो तसाच राहिला. पुढच्या टप्प्याचं मॉडेल आलं तेव्हा मी सांगितलं की सावल्या पडतील तशा ठेवीन. त्याने अगदी गोड आवाजात, कळवतो म्हटलं, आणि कळवलं नाही. पण यात मी फार मोठा त्याग केला असं कोणी समजू नये. एव्हाना सगळेच कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करायला लागले होते. तिथे सूर्य हवा तिकडून उगवतो. दोन वर्षांत मी मार्केट यार्डातली जागा सोडली.

पूर्वेच्या त्या खालच्या चार मजल्यांवर आणखी बरीच घरं होती. ती घेणारी माणसं मला माहीत नव्हती. त्यांना शोधता आलं असतं. बिल्डरच्या ऑफिसबाहेर दोन दिवस उभी राहिले असते तर चार जण भेटलेच असते. मी उभी राहिले नाही. मी एकीला सांगितलं, आणि तेही ती विचारायला आली म्हणून.

इमारती झाल्या. वैशालीने वास्तुशांतीला बोलावलं आणि येताना कॅमेरा आणा, बाबांचे फोटो काढायचेत, म्हणाली. मी सकाळीच गेले. बाबा पश्चिमेच्या बाल्कनीत बसले होते. ऊन अजून यायचं होतं, पण समोर मोकळं आभाळ होतं आणि उसाचे तुरे. त्यांनी मला अगदी जवळ बोलावलं, मान तिरकी करून बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला पहिल्यांदाच पाहून राहिलो," म्हणाले. मी त्यांचे भरपूर फोटो काढले. इतकं निवांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

प्रसाद झाला तसं वैशालीने एक ताट माझ्या हातात दिलं. "समोर काकूंकडे देऊन येता का? गुडघ्यांमुळे काका निघत नाहीत घरातून."

मी जिन्याजवळची जागा ओलांडून समोरच्या दाराची बेल वाजवली. दार उघडण्याआधीच माझ्या ध्यानात आलं, हे कुठलं घर आहे ते.

शिंदेकाकूंनी दार उघडलं. लोणी गावाकडच्या, अंगाने भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. सकाळचे अकरा वाजले होते आणि आत दोन ट्यूब जळत होत्या. काका पलंगावर पाय लांब करून बसले होते. आयुष्यभर बस चालवली, आता गुडघे गेले, काकूंनी सांगितलं. मला बसवलं, चहा टाकला. बाल्कनीच्या दारातून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, तिच्यावरचे पाइपही मोजता आले असते.

"आमी आलो तवा दुसऱ्या मजल्यावर ह्यो एकच उरल्याला," काकू म्हणाल्या. "आदी कुनी तरी घेतला हुता म्हनं, मग सोडला. आमचं नशीब म्हनायचं."

मी चहाचा कप खाली ठेवला. वैशालीने घर बदललं तेव्हा हे घर रिकामं झालं, इतकी साधी गोष्ट साडेतीन वर्षांत माझ्या मनात एकदाही आली नव्हती.

"उजेड जरा कमी हाय, पन शेजार लई चांगला हाय," काकू म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे लक्ष गेलं. "तुमी फोटो काढता व्हय? मग आमचा बी एक काढा की. हितं पुरंल का उजेड?"

पुरेल, मी म्हटलं. काकूंनी पदर सारखा केला, काकांना टोपी दिली आणि त्यांच्या शेजारी पलंगावर बसल्या. मी ट्यूब बंद करायला लावल्या, बाल्कनीचं दार पूर्ण उघडलं, कॅमेरा टेबलावर टेकवला आणि शटरचा वेळ वाढवला. हलू नका म्हटलं. दोघं श्वास रोखून बसली.

स्क्रीनवर फोटो आला. फिक्या पिवळ्या भिंती उजळल्या होत्या, पडदा चमकत होता, काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सकाळ होती. काकूंनी कॅमेरा हातात घेतला.

"अगं बाई, केवढा उजेड," त्या म्हणाल्या, आणि काकांना दाखवायला वाकल्या.

मी म्हटलं, "काकू, हा उजेड कॅमेऱ्याने वाढवलाय. घरात इतका नाही."

काकू हसल्या. "आमाला काय ठावं न्हाई व्हय? आमी हितंच ऱ्हातो की." त्यांनी कॅमेरा मला परत दिला, मोबाइल शोधला आणि एक नंबर वाचून दाखवला. धाकट्या बहिणीचा, इंदापूरचा. तिने अजून घर बघितलेलं नव्हतं. "तिला धाडा ह्यो. म्हनावं, आमचं घर असं हाय."

मी फोटो कॅमेऱ्यातून मोबाइलवर घेतला, नंबर टाकला आणि पाठवला. काकू ट्यूब लावून परत आल्या.

"गेला का?"

"गेला," मी म्हटलं.